आयव्हीएफ दोन महिन्यांवर आलंय, आहार कसा ठेवू?

प्रश्न: वय ३३, उंची १६० सेंमी, वजन ७८ किलो. पीसीओएस (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे. दोन महिन्यांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) सुरू होणार आहे. कुणी प्रोटीन पावडर घ्यायला सांगतं, कुणी अननस खायला, कुणी दिवसाला चार लिटर पाणी प्यायला. केस गळतात म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्याही घेते आहे. नेमकं काय खाऊ, काय टाळू? नवऱ्यानंही काही बदलायला हवं का?

उत्तर:

भ्रूण रुजवून देईल असा एकही पदार्थ नाही. आहाराचा जो काही उपयोग होतो तो मुख्यतः बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू होण्याआधीच्या तीनेक महिन्यांत होतो. इंजेक्शनं सुरू झाल्यावर खाण्यापिण्याकडून अपेक्षा वेगळी असते: गोळ्या नीट शोषल्या जाव्यात, रक्ताचे रिपोर्ट चुकू नयेत, भूल देताना अडचण येऊ नये आणि पोट ठीक राहावं. गडबड बहुतेक वेळा इथेच होते, आणि सल्ले मात्र सगळे अननसाबद्दल असतात.

तीन महिन्यांचा हिशेब असा. छोट्या फॉलिकलपासून (अंडाशयातली बीजाची पिशवी) पूर्ण वाढलेलं बीज तयार होईपर्यंतचा वाढीचा शेवटचा टप्पा सुमारे तीन महिन्यांचा असतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर बाहेर पडेपर्यंत आणखी दीडदोन आठवडे जातात. तुमच्या हातात दोन महिने आहेत, म्हणजे जी बीजं काढली जाणार आहेत त्यांची बरीचशी वाढ अजून व्हायची आहे. म्हणून आजपासून सुरुवात करा, पण टोकाचं काही करू नका.

सगळ्यात आधी फॉलिक अॅसिड. साधारण स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून ते गर्भाच्या १२ आठवड्यांपर्यंत. बाळाची मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर गोळी सुरू केली तर त्यातले बरेचसे दिवस निघून गेलेले असतात. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० च्या थोडा वर आहे. काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा वेळी, तसंच मधुमेह असेल, फिट्सची ठरावीक औषधं चालू असतील किंवा आधीच्या गर्भात मज्जारज्जूचा दोष असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी सांगितलेली आहे. ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. फॉलिक अॅसिड जास्त घेतलं की बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा अॅनिमिया झाकला जातो, नसांना होणारी इजा मात्र चालूच राहते. मांसाहार नसेल किंवा मेटफॉर्मिन (साखरेची, पीसीओएसमध्येही देतात ती गोळी) बऱ्याच काळापासून चालू असेल तर बी-१२ ची पातळी आधी तपासून घ्या.

त्याच तपासणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घेतलं की नेमकी कमतरता कळते आणि पुढचा अंदाजपंचे कारभार थांबतो. फेरिटिन कमी निघालं तर लोहाची गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते. एका डोसनंतर शरीर पुढचे सुमारे २४ तास लोहाचं शोषण कमी करतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेली गोळी चांगली शोषली जाते आणि बद्धकोष्ठही कमी होतं. ती लिंबूपाण्यासोबत किंवा फळासोबत घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान दोन तास लांब ठेवा.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास काहीही नाही, कॉफीसुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. आयव्हीएफची तयारी सुरू झाली की नवी मल्टिव्हिटॅमिन येते, त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतात, आणि लक्षात राहावं म्हणून ती थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतली जाते. दीड महिन्यानं टीएसएच वाढलेला दिसतो आणि डोस वाढवला जातो. खरं तर डोस पुरेसा होता, गोळी शोषली जात नव्हती. मल्टिव्हिटॅमिन दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री घ्या, प्रश्न मिटला.

आता केसांच्या गोळ्यांबद्दल, कारण ही गोष्ट क्वचितच विचारली जाते. या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं आणि ते बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे हा डोस गरजेच्या शेकडो पट. त्यानं अपाय होत नाही, पण हॉर्मोन मोजायच्या अनेक मशीनमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन त्या मोजणीत घुसतं. अशा मशीनवर टीएसएच, एफएसएच, एलएच आणि बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारा हॉर्मोन) खोटे कमी दिसू शकतात. इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉन आणि फ्री टी-४ खोटे जास्त दिसू शकतात. इंजेक्शनांचा डोस ठरवताना इस्ट्रॅडिओल बघितलं जातं आणि शेवटी निकालच बीटा एचसीजीवर लागतो, तेव्हा हे किती महाग पडू शकतं ते सांगायला नको. सगळ्या लॅबमधली मशीन या प्रकारची नसतात, पण तुमच्या लॅबमध्ये कुठलं आहे ते शोधत बसण्यापेक्षा केसांची गोळी उपचार संपेपर्यंत बंद ठेवणं सोपं. ते नकोच असेल तर प्रत्येक रक्ततपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि डॉक्टरांना तसं सांगा. गर्भधारणेसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनमधलं मायक्रोग्रॅममधलं बायोटिन चालतं.

वजनाबद्दल. पीसीओएसमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरलं की अनेक जणींची पाळी आणि बीज सुटणं सुधारतं. तुमच्यासाठी ते ४ ते ८ किलो. दोन महिन्यांत ३-४ किलो उतरणं शक्य आहे आणि तेवढं पुरे. पण आयव्हीएफच्या तोंडावर ८०० कॅलरींचा क्रॅश डाएट करू नका. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जादा वजनाच्या ५७७ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना उपचाराआधी सहा महिन्यांचा आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता. नैसर्गिक गर्भधारणा त्या गटात जास्त झाल्या, पण निरोगी बाळाच्या सुखरूप नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण काही वाढलं नाही. यावरून वजनाचा काहीच संबंध नाही असं समजू नका. मधुमेह, रक्तदाब आणि भुलेचे धोके वजनाबरोबर वाढतातच. पण ३३ व्या वर्षी दोनेक महिने थांबणं वेगळं आणि ३९ व्या वर्षी वजनासाठी उपचार वर्षभर पुढे ढकलणं वेगळं. त्या वयात बीजांची संख्या वजनापेक्षा वेगानं उतरते. वजन उतरवायचं ते स्टिम्युलेशनच्या, म्हणजे बीजं वाढवायच्या इंजेक्शनांच्या आधी. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून बीटाचा रिपोर्ट येईपर्यंत वजन कमी करायचा प्रयत्न पूर्ण बंद. वजन उतरवायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर ती गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावी लागतात, आणि त्यांनी जठर उशिरा रिकामं होत असल्यानं भूलतज्ज्ञालाही ती घेत होतो हे कळलंच पाहिजे.

याच्या उलट, बीएमआय १८.५ च्या खाली असेल किंवा फार व्यायामामुळे पाळी लांबली असेल, तर "हेल्दी" म्हणून खाणं आणखी कमी करणं ही सरळ चूक. तिथे जेवण वाढवणं हाच उपचाराचा भाग असतो.

ताटात काय हवं? पीसीओएसबद्दलच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. कीटो, ग्लुटेन-फ्री, डेअरी-फ्री असल्या याद्या बाजूला ठेवा. दोन्ही जेवणांत अर्धं ताट भाज्या, पाव ताट अख्खं धान्य, पाव ताट प्रथिनं; रोज दोन फळं, मूठभर सुकामेवा, आणि वनस्पती तुपासारखी ट्रान्स फॅट असलेली चरबी नाही. साखर घातलेली पेयं बंद केली तर पीसीओएसमध्ये फरक लवकर दिसतो, बाकी बदलांना वेळ लागतो. ग्लुटेन स्वतःहून सोडण्याआधी सिलिअॅकची (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी करा. ग्लुटेन बंद केल्यावर ती तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सोयानं हॉर्मोन बिघडतात ही भीती नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला लागू नाही. थायरॉइडच्या गोळीपासून मात्र सोया लांब ठेवा.

प्रथिनं दिवसाला ७० ते ८० ग्रॅम पुरतात. दोन अंडी १२ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य १४, शिजवलेलं १५० ग्रॅम चिकन किंवा मासे ३५, पाव किलो दही ९ ते १०. झाली सत्तरी, धान्यातली धरलेलीच नाहीत. मांसाहार नसेल तर ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांतून सुमारे २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम मिळतात. पावडर लागतेच असं नाही. मळमळीमुळे जेवण जात नसेल तर एक चमचा चालेल, पण साधी, फक्त प्रथिनांची. वनौषधी, "फॅट बर्नर" किंवा व्हिटॅमिन ए घातलेली नको. व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर गर्भाला घातक ठरू शकतं. म्हणून प्राण्यांचं काळीज आणि कॉड लिव्हर ऑइल या काळात टाळतात. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनला हे लागू नाही.

मासे आठवड्याला दोनदा, त्यात एकदा तेलकट मासा. शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन यांसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे नकोत. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत: फिल्टर कॉफीच्या एका मगात सुमारे १४०, इन्स्टंटमध्ये १००, चहाच्या मगात ७५. म्हणजे एक इन्स्टंट कॉफी अधिक एक चहा, किंवा दोन चहा. एनर्जी ड्रिंक नको. दारू दोघांचीही बंद.

सप्लिमेंटची यादी जितकी लांब तितका उपयोग कमी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मायो-इनॉसिटॉल (बहुधा २ ग्रॅम दोन वेळा) पीसीओएसमध्ये देतात. निरुपद्रवी आहे, पुरावा तोकडा आहे, घ्यायचं तर घ्या. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, पण रोजचा डोस स्वतःहून ४,००० युनिटच्या वर नेऊ नका. डीएचईए हा हॉर्मोन आहे, त्याला सप्लिमेंट समजून दुकानातून आणू नका. पीसीओएसमध्ये पुरुषी हॉर्मोन आधीच जास्त असतात.

नवऱ्यानं काय करावं? जिमच्या पावडरी आणि इंजेक्शनं आधी तपासा. टेस्टोस्टेरॉन किंवा अॅनाबोलिक स्टेरॉइड बाहेरून घेतलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश बंद होतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. थांबवल्यावर परत यायला कित्येक महिने लागतात. स्टॅमिना वाढवणारं म्हणून विकलेल्या, घटक न लिहिलेल्या चूर्णावर आणि कॅप्सूलवर विश्वास ठेवू नका. झिंक आणि फॉलिक अॅसिड पुरुषांना सरसकट देण्यात अर्थ नाही: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांच्या अमेरिकी चाचणीत त्यानं जिवंत बाळांचं प्रमाण वाढलं नाही, उलट शुक्राणूंच्या डीएनएचं तुटणं किंचित वाढलेलं दिसलं. वजन, तंबाखू, दारू आणि झोप, काम इथे करायचं आहे. ६० ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट रोज खाऊन निरोगी तरुणांमध्ये शुक्राणू सुधारल्याची एक चाचणी आहे. महागड्या कॅप्सूलपेक्षा ते बरं.

आता स्टिम्युलेशन, म्हणजे साधारण ९ ते १२ दिवस. अंडाशय फुगतात, पोट गच्च वाटतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणं घ्या. गॅस करणारं जे तुम्हाला चालत नाही ते या दहा दिवसांपुरतं कमी करा. फार तास उपाशी राहणं आणि इंटरमिटंट फास्टिंग या दिवसांत नको.

पीसीओएसमध्ये ओएचएसएसचा (इंजेक्शनांमुळे अंडाशय फार फुगून पोटात पाणी साचण्याचा) धोका जास्त असतो, म्हणून हा भाग नीट वाचा. ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करायच्या शेवटच्या इंजेक्शनमधल्या एचसीजीमुळे फुगलेल्या अंडाशयांतून असा पदार्थ सुटतो की रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातलं पाणी पोटात उतरतं. त्यामुळे पोटात पाणी साचलेलं आणि रक्त मात्र घट्ट, असं एकाच वेळी घडतं. नुसतं साधं पाणी चार-पाच लिटर प्यायल्यानं हे थांबत नाही, उलट सोडियम कमी होण्याचा धोका वाढतो. तहान लागेल तसं प्या, दिवसाला एक लिटरच्या खाली जाऊ नका, आणि त्यातलं काही ओआरएस किंवा सूप असं क्षार असलेलं असू द्या. जास्त प्रथिनांनी ओएचएसएस टळतो याला भक्कम पुरावा नाही. जेवण टिकावं म्हणून प्रथिनं हवीतच, पण त्यावर भिस्त नको. खरा बचाव डॉक्टरांच्या हातात असतो: ट्रिगर बदलणं, कॅबरगोलिन हे औषध देणं, भ्रूण गोठवून ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) पुढे ढकलणं.

तुमच्या हातात मोजमाप आहे. ट्रिगरच्या दिवसापासून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि बेंबीच्या पातळीवर टेपनं पोटाचा घेर घ्या. २४ तासांत एक किलोहून जास्त वाढ, घेर भराभर वाढणं, लघवी कमी आणि गडद होणं, उलट्या थांबत नसणं, श्वास लागणं किंवा पायात एका बाजूला दुखणं-सुजणं, यांतलं काहीही झालं तर घरी सूप पीत बसू नका, रात्र असली तरी फोन करा. लवकरचा ओएचएसएस ट्रिगरनंतरच्या आठवड्यात दिसतो. गर्भ राहिला तर गर्भाच्याच एचसीजीमुळे तो दहा दिवसांनंतरही सुरू होऊ शकतो. दुखलं म्हणून आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं.

एग पिकअपच्या (बीजं काढण्याच्या) दिवशी भुलेसाठी पोट रिकामं हवं: जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन तास. केंद्रानं जास्त वेळ सांगितला असेल तर तोच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. पिकअप ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांनी ठरलेला असतो, चहाच्या घोटामुळे भूल लांबली तर बीजं आपोआप सुटून जाऊ शकतात. शुद्धीवर आल्यावर आधी पाणी, मग बिस्किट किंवा टोस्ट, मग साधं जेवण.

पुढचा त्रास बद्धकोष्ठाचा. प्रोजेस्टेरॉन आतडी मंदावतं, वेदनाशामकांनी भर पडते, लोहाच्या गोळीनं आणखी. पिकअपच्या संध्याकाळपासूनच दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा जाईल असं बघा: कडधान्य, सालासकट फळं, भिजवलेले मनुके. इसबगोल एक-दोन चमचे चालेल, पण मोठा ग्लास पाण्याबरोबरच, नाहीतर तेच अडकतं. लोहाची गोळी चार दिवस थांबवली तरी बिघडत नाही. प्रोजेस्टेरॉन तोंडानं घ्यायचं असेल तर जेवणाबरोबर ते जास्त शोषलं जातं आणि गुंगी वाढते. म्हणून ते बहुधा झोपताना घ्यायला सांगतात. शेंगदाण्याची किंवा तिळाची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा: काही कॅप्सूल शेंगदाण्याच्या तेलात आणि काही इंजेक्शनं तिळाच्या तेलात असतात. इस्ट्रॅडिओलच्या गोळ्या चालू असताना ग्रेपफ्रूट टाळा, त्यानं औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते.

ट्रान्सफरनंतर अननसाच्या गाभ्यातल्या ब्रोमेलेननं भ्रूण रुजतो याला आधार नाही. आवडत असेल तर दोन फोडी खा. अन्न सुरक्षित असणं मात्र गरोदरपणाइतकंच महत्त्वाचं समजा. न उकळलेलं, पाश्चराइज न केलेलं दूध आणि त्याचं मऊ चीज, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धकच्चं मांस, पातळ बलकाचं अंडं आणि बराच वेळ फ्रीजमध्ये पडलेले तयार पदार्थ नकोत. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून शिळं अन्न वाफ येईपर्यंत गरम करा. पालेभाज्या वाहत्या पाण्यात धुवा.

पीसीओएसमध्ये बऱ्याचदा सगळे भ्रूण गोठवून ट्रान्सफर पुढच्या पाळीवर नेतात. तसं झालं तर अनेक जणी "सायकल संपली" म्हणून फॉलिक अॅसिडसकट सगळं थांबवतात. फॉलिक अॅसिड, थायरॉइडची गोळी आणि बी-१२ चालूच ठेवा. अंडाशय पूर्ववत झाल्याचं सोनोग्राफीत दिसलं की थांबवलेली लोहाची गोळी आणि नेहमीचा व्यायाम परत सुरू करा. केसांची गोळी मात्र बीटाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तशीच बंद.